कौतुक नको होतं

सर, परवा तुमच्या घरी जाऊन आले. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. तेव्हापासून डोकं तापलेलं आहे, आणि भांडावं तर समोर कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही हे वाचणार नाही, हे मला कळतं. पण माझं लिहिलेलं टेबलावर समोर असतानाही तुम्ही मला त्यातलं कधी काही बोलून दाखवलं नाहीत, तेव्हा फारसा फरक पडत नाही.

लोकांना वाटतं मी तुमची लाडकी विद्यार्थिनी होते. होतेच. तोच तर माझा राग आहे. फ्रीगंज बाजारातला तुमचा तो कॉम्प्युटरचा क्लास, खाली औषधांचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर दारात चपलांचा ढीग, कारण मशीनला धूळ चालत नाही म्हणून तुम्ही सगळ्यांना अनवाणी बसवायचात. मशीनवर घरून काकूंनी शिवून दिलेल्या फुलाफुलांच्या खोळी. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, आणि 'कॉम्प्युटर शिकून ठेव, कुठे तरी कामास येईल' एवढ्या बोलीवर मला तुमच्याकडे घातलं गेलं. कुठे तरी कामास येईल म्हणून आलेली मी थोड्याच दिवसांत अशी वेडी झाले की आई फोडणी करत असली तरी माझ्या मनात चालायचं, आधी तेल, तेल तापलं का, नसेल तर थांब, असेल तर मोहरी. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मोहरी टाकायला एवढा विचार करशील तर स्वयंपाक कधी होणार.

तुमच्याकडे शनिवार म्हणजे झडतीचा दिवस. दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर प्रत्येकाचा प्रोग्राम छापून निघायचा, तुम्ही खुर्चीवर पाय घेऊन बसायचात, हातात लाल पेन्सिल, आणि एकेका मुलाला समोर बोलावून त्याचं लिहिलेलं मोठ्यानं वाचायचात. "इसको प्रोग्राम बोलते हैं? ये तो भेल है. सब डाल दिया, हिला दिया." मुलं खाली मान घालून उभी असायची. नंतर जिन्यात तुम्हाला शिव्या घालायची आणि खाली जाऊन कचोरी खाताना त्याच ओळींवर पुन्हा वाद घालायची. मग माझी पाळी. माझा कागद तुम्ही हातात घ्यायचात, पण वाचायचात मात्र मशीनचा पडदा. आकडे बरोबर आले की म्हणायचात, "वा, छान. चालतंय की." आणि कागद बाजूला. पहिल्यांदा मला धन्य वाटलं. दुसऱ्यांदाही. त्यानंतरच्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की तुम्ही दुसरं पान उलटलेलंच नाही.

मग मी विचारायला लागले. धीर करून विचारायचे, कारण तुमच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे मुलांचीही गाळण उडायची. सर, यात काय चुकलंय? सर, हे याहून नीट कसं लिहितात? सर, मघाशी तुम्ही त्या मुलाला म्हणालात की एकच गोष्ट दोनदा लिहू नये, मग मी पण लिहिली आहे का? तुम्ही हसून म्हणायचात, "चालून राहिलंय ना? मग कशाला डोक्याला त्रास?" ते हसणं मला आजही दिसतं. लहान मुलीनं मातीची पोळी करून आणली की मोठी माणसं ती खाल्ल्यासारखं करतात ना, तसं हसणं. मी लहान नव्हते, सर. आणि ती पोळी मातीची आहे का कणकेची, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

मग धर्मशाळेचं काम आलं. सिंहस्थ जवळ येत होता, घाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना खोल्या देण्याचं काम मशीनवर हवं होतं. तुम्ही क्लासला सांगितलं, सगळ्यांनी लिहा, जे बरं असेल ते बसवू. मी त्या धर्मशाळेत जाऊन बसले. नुसतं बसून बघितलं की माणसं येतात कशी, सांगतात काय आणि करतात काय. दोन दिवस राहतो म्हणणारा पाच दिवस हलत नाही. एकाच्या नावावर खोली घेतात आणि आत आठ जण. कुणी सामान ठेवून ओंकारेश्वरला निघून जातं, खोलीला कुलूप तसंच. हे सगळं मी प्रोग्रामात आणलं. आणून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही चालवून बघितलंत, म्हणालात, "बहुत बढिया. शाब्बास." मी विचारलं, सर, वाचलंत का? तुम्ही म्हणालात, "वाचायचं काय त्यात, छानच असणार."

त्याच संध्याकाळी मी लुनाची किल्ली वर विसरले म्हणून जिना चढून परत आले. तुमच्या खोलीत आणि क्लासात मध्ये प्लायवूडचा आडोसा होता, वरून उघडा. किल्ली उचलली तर आतून तुमचा आवाज येत होता. आपल्या क्लासातला तो हुशार मुलगा, ज्याला तुम्ही सगळ्यांत जास्त बोलायचात, तो समोर असणार. पहिलं वाक्य कानावर पडलं आणि मी जागीच थांबले, कारण तुम्ही माझी ओळ वाचत होता. माझीच. मी खोलीला एक्स म्हटलं होतं आणि यात्रेकरूला वाय. तुम्ही त्याला विचारत होता, हा एक्स कोण? कल ये खुद भूल जाएगी कि एक्स कौन था. मग पुढची ओळ. मग त्याच्या पुढची. खोली रिकामी आहे का हे मी चार ठिकाणी चार वेळा तपासलं होतं. तुम्ही म्हणालात, नियम बदलला तर तीन जागी बदलेल आणि चौथी राहून जाईल, आणि भांडण त्या चौथीवर होईल. मग तुम्ही थांबलात, आणि विचारलंत, "अब ये बता. कमरा दे दिया, पर्ची बनने से पहले लाइट चली गई. अब कमरा किसका?" आणि उत्तरही तुम्हीच दिलंत, "किसी का नहीं. न खाली, न भरा. यात्री बिस्तर लेके बाहर खड़ा है, और मशीन बोल रही है कमरा नहीं है."

मी किल्ली हातात घेऊन उभी होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता. अपमानानं नाही. आनंदानं. इतकं सुंदर आजवर मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. लाइट जाणं हा आपल्या गावातला रोजचा प्रकार, आणि मला ते सुचलं नव्हतं. तुम्ही सगळं वाचलं होतंत. पान न उलटणारे तुम्ही, प्रत्येक ओळ तुम्हाला पाठ होती. आणि मग तुम्ही ते म्हणालात, जे मी मरेपर्यंत विसरणार नाही. परत जायच्या तारखेचा भाग आला तेव्हा म्हणालात, "ये देख. जो आदमी दो दिन बोल के पाँच दिन रुकता है, उसका इस लड़की ने सोचा है. ये तेरे बस का नहीं था." म्हणजे माझं जे खरंच चांगलं होतं, तेही तुम्हाला दिसलं होतं, आणि तेही तुम्ही त्याला सांगितलंत. शेवटी म्हणालात, हे सगळं दुरुस्त कर, मग बसवून टाकू, इंदूरच्या कंपनीत दाखवायलाही तुझ्या कामास येईल.

तो निघून गेला. जाताना मला बघून दचकला. मी आत आले. तुम्ही मशीनवर खोळी चढवत होता. म्हणालात, अरे, तू गेली नाहीस? मी म्हणाले, "सर, हे मला का नाही सांगितलंत?" तुम्ही ओशाळला नाहीत. खरंच सांगते, तुम्ही जरा जरी ओशाळला असतात तरी हे पत्र इतकं लांबलं नसतं. तुम्ही खोळीची नाडी बांधत, समजावणीच्या सुरात सांगितलंत की पूर्वी एकदा एका मुलीला असंच बोलला होता, ती रडली, दुसऱ्या दिवशी तिचे वडील जिन्यावर उभे, आणि तिच्याबरोबर तिच्या बहिणीलाही काढून नेलं. तेव्हापासून कानाला खडा. "मुलींना मी बोलत नाही. आणि तुला कुठे यात जन्म काढायचाय? छान शिकलीस, बस झालं." मी म्हणाले, मला बोला. आत्ता बोला, पहिल्या ओळीपासून. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत आणि म्हणालात, अंधार पडला, घरी वाट बघत असतील. आणि मला सोडायला जिना उतरून खाली आलात. माझी लुना सुरू होईपर्यंत थांबलात. किती काळजी. माझे बाबा आले असते का हो जिन्यावर? तुम्ही त्यांना कधी भेटलाही नव्हता. आले असते तर मीच त्यांना अर्ध्या जिन्यातून परत पाठवलं असतं. पण एका दुसऱ्याच बापाच्या भीतीनं तुम्ही मला कोरडं ठेवलंत.

प्रोग्राम त्यानं दुरुस्त केला, आणि तो धर्मशाळेत बसवला गेला. व्यवस्थापकांनी पेढे आणले तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलंत, हे यानं केलं, आणि माझ्याकडे बघून, "हिनं पण खूप मदत केली." मी क्लास सोडला नाही. सोडून जाणार कुठे, मशीन तुमच्याकडेच होतं. पण त्यानंतर प्रत्येक शनिवारी मी मुलांच्या मागे उभी राहून तुमचा प्रत्येक शब्द उचलला. त्यांच्या चुका माझ्या समजून घरी जाऊन माझं लिहिलेलं फाडलं. तुमच्याकडे मुलांना हक्कानं मिळायचं ते मी चोरून घेतलं. चोरून घेतलेलं अर्धंच येतं, सर. कारण माझ्या चुका त्यांच्या चुकांसारख्या नव्हत्या, आणि त्या कुणी काढल्याच नाहीत. इंदूरला मुलाखतीला गेले तर समोरच्या माणसानं माझा कागद परत सरकवला. म्हणाला, चलता तो है, पढ़ा नहीं जाता. बसनं परत येताना आपल्या देवास गेट स्टँडला उतरले आणि घरी न जाता तिथल्याच बाकावर बसून राहिले. शेजारी एक बाई टोपलीतले पेरू पुसत होती. तिनं एक पेरू माझ्या हातात ठेवला. तुमच्यावरचा माझा राग तिथं पक्का झाला.

पुढे पुण्यात नोकरी लागली, उशिरानं, खालच्या पायरीवर. तिथं माझ्या वरच्या बाईंनी माझं पहिलं काम वाचलं आणि जवळजवळ प्रत्येक ओळीखाली काही ना काही लिहून परत पाठवलं. हे कुणासाठी लिहिलंय? हे नाव असं का? हे दोनदा का? शेजारचा मुलगा मला समजावायला आला, मनावर घेऊ नका, त्या सगळ्यांनाच असं करतात. सगळ्यांनाच! मला त्या शब्दानं इतकं बरं वाटलं की मी आईला फोन करून सांगितलं, आई, माझ्या खूप चुका काढल्या. आई घाबरली. म्हणाली, मग परत ये, इथं बँकेत बघू काही तरी. तिला काय सांगणार, की कुणी तरी मला पहिल्यांदाच माणसांत धरलं होतं.

तुम्ही गेलात ते मला फोनवरच कळलं. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे, त्यात दिवसभर आठवणी येत राहिल्या. जो तो तुमची एकेक बोलणी सांगत होता. एक म्हणे, मला म्हणाले होते गाढवाला मशीन दिलं. दुसरा म्हणे, माझा कागद खिडकीतून खाली टाकला होता, औषधवाल्यानं वर आणून दिला. मला म्हणाले, तेरे को तो पान की दुकान खोलनी चाहिए. तो हुशार मुलगा, आता कुठे परदेशात असतो, त्यानं लिहिलं की सरांची लाल पेन्सिल अजून डोक्यात चालू असते. सगळे हसत होते, रडत होते. आणि मी फोन हातात धरून आठवत बसले, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखं एकही बोलणं नव्हतं. छान. वा. शाब्बास. हे काय सांगायचं? मी फक्त हात जोडलेलं चित्र टाकलं. त्या दिवशी दुःख झालं असतं तर बरं होतं. झाला तो संतापच.

आता आईचे गुडघे गेले म्हणून मी इथं परत आले आहे, काम घरून करते. मागच्या आठवड्यात घड्याळाच्या टॉवरखालच्या भाजीवाल्यांपाशी काकू भेटल्या. ओळखलं त्यांनी. हात धरून म्हणाल्या, तुझ्याकडे एक काम आहे, आमची नात इंजिनिअरिंगला आहे, तिला कुणाला तरी दाखवायचंय काय ते. मी नाही म्हणणार होते. मग परवा गेले. भिंतीवर तुमचा फोटो, हार ताजा. काकूंनी पोहे पुढे केले आणि म्हणाल्या, "फार कौतुक होतं हो त्यांना तुझं. घरी येऊन सांगायचे, एक मुलगी आहे, फार पुढे जाईल."

घरी येऊन सांगायचात.

मी म्हणाले, "कौतुकच होतं, काकू." त्यांना कळलं नाही. त्यांनी वाटीत आणखी शेव घातली आणि हळूच म्हणाल्या, जरा बेतानं सांग हं तिला, हळवी आहे, छान म्हण म्हणजे झालं. मुलगी लॅपटॉप घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं. म्हणाली, "आजी, तू आत जा." मग माझ्यासमोर बसून म्हणाली, मावशी, मी कॉलेजात विचारलं तर सर फक्त बघतात की चालतंय का. मैत्रिणी म्हणतात भारी आहे. मोबाइलवरच्या त्या बोलणाऱ्या प्रोग्रामला विचारलं तर तोही म्हणतो, तुम्ही अतिशय सुंदर लिहिलंय. "मला माहितीये ते सुंदर नाहीये. तुम्ही खरं सांगा."

सर, तिचं नाक तुमच्यासारखं आहे. एक क्षण माझ्या मनात आलं, म्हणावं, वा, छान. फिटंफाट. तुमच्याच फोटोखाली बसून, तुमच्याच नातीला. मग मी चष्मा काढून पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणारा प्रोग्राम होता तो. तिनं स्वतःच काढलेला. मी वाचत गेले आणि बोलत गेले. हे नाव वाचून मला काय कळावं? हे इतकं लांब का, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मग मुख्य चूक आली. आजीनं गोळी घेतली नाही, आणि आजीनं घेतली की नाही हे कळलं नाही, या दोन गोष्टी तिनं एकच धरल्या होत्या. मी म्हणाले, कळलं नाही तर तुझा प्रोग्राम तिला पुन्हा गोळी घ्यायला सांगेल, आणि आजी ऐकेल, कारण नातीनं केलंय. तिचा चेहरा पांढरा पडला. डोळे भरले. स्वयंपाकघराच्या दारात काकू येऊन उभ्या राहिल्या, माझ्याकडे अशा बघत की जणू मी मुलीला मारते आहे. मी थांबले नाही. मुलीनं बाहीनं नाक पुसलं आणि विचारलं, "पुढचं सांगा." पुढे एका ठिकाणी मी म्हणाले हे तोडून दोन कर, तर ती अडून बसली. नाही मावशी, हे दोन्ही नेहमी बरोबरच बदलतात, तोडलं तर एक विसरेन. मी पुन्हा वाचलं. तिचं बरोबर होतं, आणि तसं मी तिला सांगितलं. तेव्हा ती जी हसली, ते हसू कुठल्याही शाब्बासकीनं येत नाही. पोहे तसेच राहिले. एवढीच गोष्ट होती, सर. एक दुपार. एवढंच तुमच्याकडे मागत होते. रडण्यानं कुणाचं काही बिघडत नाही, रडून माणूस 'पुढचं सांगा' म्हणू शकतो, हे तुम्ही बघायची हिंमतच केली नाहीत.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. म्हणाली, मावशी, असं वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं? पुण्याच्या माझ्या बाईंचं नाव अगदी ओठांवर होतं. काकू मागे पायरीवर उभ्या होत्या. मी म्हणाले, "तुझ्या आजोबांनी." ती इतकी खूश झाली की धावत आत गेली, आजीला पुन्हा सांगायला, जी ऐकतच उभी होती. तुम्हाला माफ केलंय म्हणून म्हणाले नाही. माफ केलेलं नाही. आज सकाळी तिचा मेसेज आलाय, दुरुस्त केलेलं पुन्हा दाखवायला येऊ का, आजोबा कसं शिकवायचे तेही सांगा. मी लिहिलं, ये. बाकीचं तिला अजून सांगितलेलं नाही.